लाल, पिवळी, निळी आणि चौथी काळी

स्मरणिका समितीने मला ‘संस्थेच्या विजेच्या कामांबद्दल दोन पानं’ लिहायला सांगितली. आधी स्विचगिअरच्या कारखान्यात आणि नंतर सब-स्टेशन उभारणीच्या कामात मिळून माझी तेहतीस वर्षं गेली, त्यामुळे इमारतीत कुठे ठिणगी उडाली की आमच्या दाराची बेल वाजते, हे आपणा सर्वांना माहीत आहेच. पण पंचवीस वर्षांत जिन्यातल्या किती ट्यूब बदलल्या याचा हिशेब वाचण्यात कोणाला रस असणार? म्हणून जरा मागे जाऊन लिहायचं ठरवलं.

आपल्या मीटर रूममध्ये रस्त्यावरून जी जाड केबल येते तिच्यात चार तारा आहेत. लाल, पिवळी, निळी आणि काळी. पहिल्या तिघी फेज, चौथी न्यूट्रल. तळमजल्यावर सायकली ठेवायला येणाऱ्या प्रत्येकाने त्या पाहिल्या आहेत. फेज तीनच का, दोन किंवा पाच का नाहीत, आणि तिघी असताना चौथी कशासाठी, या प्रश्नांची उत्तरं शोधायला सव्वाशे वर्षांहून जास्त मागे जावं लागतं. आणि येत्या वार्षिक सभेत खर्चाचा जो विषय येणार आहे, त्याच्याशी या उत्तरांचा थेट संबंध आहे.

४ सप्टेंबर १८८२ रोजी एडिसनने न्यूयॉर्कमध्ये पर्ल स्ट्रीटवर आपलं वीजघर सुरू केलं. त्यातून निघणारी वीज डीसी, म्हणजे बॅटरीसारखी एकाच दिशेने वाहणारी, आणि दाब ११० व्होल्टच्या आसपास. आजूबाजूच्या गल्ल्यांत दिवे लागले, लोकांनी कौतुक केलं. पण ही वीज मैलभराच्या पुढे न्यायची तर तांब्याच्या तारा मनगटाएवढ्या जाड घ्याव्या लागत. तारेत वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तेवढीच शक्ती दहापट दाबाने पाठवली तर प्रवाह एक दशांश लागतो आणि त्याच तारेतला तोटा एक शतांशावर येतो. म्हणजे दाब वाढवून पाठवा आणि घराजवळ आला की कमी करा, हा उपाय उघड होता. डीसीचा दाब असा सहज वाढवता-उतरवता येत नव्हता, एसीचा येत होता. १८८५ मध्ये बुडापेस्टच्या झिपेर्नोव्स्की, डेरी आणि ब्लाथी या तिघांनी त्यासाठी व्यवहारात चालेल असा ट्रान्सफॉर्मर बनवला. आपल्या कोपऱ्यावर कुंपणात उभी असलेली डीपी ही त्याचीच पणती म्हणायला हरकत नाही.

तरीही एसीचं घोडं अडलं होतं, ते मोटरपाशी. दिवे लागत, पण चाक फिरेना.

हे समजायला आईचं किंवा आजीचं पायाने चालवायचं शिलाई मशीन आठवा. पायडल नुसतं खाली-वर होतं. चाक बरोबर मधल्या जागी थांबलेलं असेल तर कितीही पाय मारा, ते हलत नाही. उजव्या हाताने चाकाला थोडा धक्का द्यावा लागतो, आणि धक्का उलटा बसला तर मशीन उलटं फिरून दोरा तुटतो. साधी एकपदरी एसी वीज ही अशीच, नुसतं खाली-वर करणारी. ती चाक फिरतं ठेवू शकते, पण थांबलेल्या चाकाला सुरुवात करून देऊ शकत नाही. आपल्या घरातला पंखा एकाच फेजवर चालतो, म्हणून त्याला कंडेन्सर बसवून ही सुरुवात उसनी आणावी लागते. कंडेन्सर गेला की पंखा नुसता घुमतो, आणि काठीने ढकललं की मुकाट्याने फिरू लागतो, हा अनुभव सर्वांच्याच गाठीशी असेल.

आता समजा त्या मशीनला एकाच दांड्यावर तीन पायडलं आहेत. एक वर असताना दुसरं एक तृतीयांश फेरा मागे, तिसरं आणखी एक तृतीयांश मागे. मधली अडण्याची जागा उरतच नाही. कोणत्या ना कोणत्या पायाचा जोर नेहमी लागलेला असतो आणि दिशाही ठरलेली असते. थ्री फेज म्हणजे हे. तीन लाटा, एकमेकींच्या एक तृतीयांश फेरा मागेपुढे.

ही फिरत्या चुंबकीय क्षेत्राची कल्पना कोणाची, यावर आजही वाद घालणारे आहेत. इटलीत तुरीन इथले प्राध्यापक गॅलिलिओ फेरारिस यांनी १८८५ मध्ये एकमेकींपासून मागेपुढे असलेल्या दोन प्रवाहांनी तांब्याचा पोकळ नळा फिरवून दाखवला आणि मार्च १८८८ मध्ये तुरीनच्या विज्ञान अकादमीपुढे निबंध मांडला. पण आपल्या गणिताप्रमाणे अशी मोटर निम्म्याहून जास्त कार्यक्षम होऊ शकणार नाही, म्हणून उद्योगधंद्याला ती निरुपयोगी, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्याच वर्षी १ मे रोजी निकोला टेस्लाला अमेरिकेत पेटंटं मिळाली, पंधरवड्यातच न्यूयॉर्कच्या इंजिनिअरांपुढे त्याचं व्याख्यान झालं, आणि वेस्टिंगहाऊसने पेटंटं विकत घेतली. टेस्लाचं नाव आज मोटारगाडीवर आहे आणि फेरारिसना इटलीबाहेर फारसं कोणी ओळखत नाही. पण आपल्या मीटर रूममध्ये जे आहे, ते या दोघांपैकी कोणाचंच जसंच्या तसं नाही. त्या दोघांचा भर मुख्यतः दोन फेजवर होता. दोन स्वतंत्र फेज म्हणजे जायच्या-यायच्या मिळून चार तारा.

तीन फेज आणि तीनच तारा, हे रूप पक्कं केलं ते मिखाईल दोलिवो-डोब्रोव्होल्स्की या माणसाने. हा मूळचा रशियाचा. १८८१ मध्ये झारची हत्या झाल्यावर विद्यार्थ्यांवर जी धरपकड आणि हकालपट्टी झाली, तीत रीगाच्या तंत्रशाळेतून याला काढून टाकलं. रशियात दुसरीकडे प्रवेश मिळेना, म्हणून तो जर्मनीत डार्मश्टाटला शिकला आणि बर्लिनच्या एईजी कंपनीत लागला. निम्म्या कार्यक्षमतेचा फेरारिसचा निष्कर्ष त्याने वाचला आणि तो मोटरच्या बांधणीला लागू आहे, तत्त्वाला नाही, हे त्याच्या लक्षात आलं. १८८९ मध्ये त्याने पिंजऱ्यासारख्या दांड्यांच्या रोटरची थ्री फेज मोटर बनवली. ना ब्रश, ना घासणारे संपर्क, ठिणगी नाही. आपल्या पाण्याच्या पंपाची मोटर उघडून पाहिलीत तर आत हाच पिंजरा आहे. सव्वाशे वर्षांत इन्सुलेशन बदललं, पत्रा बदलला, बेअरिंग बदललं, पिंजरा तोच.

तीन तारांमागचं गणित मला आजही सुंदर वाटतं. एक तृतीयांश फेऱ्याने मागेपुढे असलेल्या तीन सारख्या लाटांची कोणत्याही क्षणी बेरीज केली तर उत्तर शून्य येतं. म्हणजे प्रवाह एकीतून जातो तेव्हा उरलेल्या दोघींतून परत येतो, परतीची वेगळी तार लागतच नाही. तेवढाच दाब, तेवढाच तोटा धरला तर दोन तारांच्या साध्या एसीला जेवढं तांबं लागेल, त्याच्या तीन चतुर्थांश तांब्यात काम भागतं. दुसरा फायदा असा, की साध्या एसीत शक्ती दर फेऱ्यात दोनदा शून्यावर येते, थ्री फेजमध्ये तिघींची मिळून शक्ती क्षणोक्षणी सारखीच राहते. मोटर हिसके न देता चालते. चार फेज, सहा फेज घेऊन यात फारशी भर पडत नाही आणि तारा मात्र वाढतात. तीन हा आकडा असा हिशेबातून आलेला आहे.

आता १८९१ चं फ्रँकफुर्ट. माझ्या मते विजेच्या इतिहासातला सर्वात मोठा दिवस कोणता असं कोणी विचारलं तर मी पर्ल स्ट्रीट किंवा नायगारा सांगणार नाही, हा सांगेन. फ्रँकफुर्टच्या नगरपालिकेला वीजघर बांधायचं होतं आणि एसी की डीसी याचा निर्णय होत नव्हता. आपल्या सभेत लिफ्टची कंपनी ठरवताना झाला तसाच प्रकार, फक्त मोठ्या प्रमाणावर. त्यातून आंतरराष्ट्रीय विद्युत प्रदर्शन भरलं. त्याचे सूत्रधार ऑस्कर फॉन मिलर यांनी धाडस केलं. १७५ किलोमीटरवर, नेकर नदीकाठी लाउफेन गावात सिमेंट कारखान्याचं जलचक्र होतं. तिथे वीज बनवायची आणि तारांनी फ्रँकफुर्टला आणायची. तोपर्यंत इतक्या लांब एवढी शक्ती कोणी नेलेली नव्हती, आणि बरेच तज्ज्ञ सांगत होते की वाटेतच सगळी संपून जाईल.

जनित्र स्वित्झर्लंडच्या ओर्लिकोन कारखान्यात चार्ल्स ब्राऊनने बनवलं, मोटर आणि काही ट्रान्सफॉर्मर डोब्रोव्होल्स्कीचे. जनित्रातून निघणारा दाब अवघा ५५ व्होल्टच्या आसपास आणि प्रवाह सुमारे १४०० अँपिअर. तो ट्रान्सफॉर्मरने १५,००० व्होल्टपर्यंत चढवला. तार किती जाड? फक्त चार मिलिमीटर, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातल्या पेन्सिलीपेक्षाही बारीक. अशा तीन तारा, तीन हजारांहून जास्त खांब आणि सुमारे ६० टन तांबं. चिनीमातीच्या चिमण्यांना आतल्या बाजूने तेलाची खोबण होती, आणि खांबांवर कवटीचं चित्र. धोक्याची ती कवटी आपल्या डीपीवर अजून आहे.

२४ ऑगस्ट १८९१ च्या संध्याकाळी वीज पोचली. प्रदर्शनाच्या दारात हजार दिवे लागले, आणि शंभर अश्वशक्तीच्या मोटरवर चालणाऱ्या पंपाने दहा मीटर उंचीचा कृत्रिम धबधबा सुरू झाला. लाउफेनच्या नदीचं पडणारं पाणी १७५ किलोमीटरवर दुसरं पाणी वर चढवत होतं. नंतर तपासणी समितीने मोजमाप केलं. जलचक्राकडून घेतलेल्या शक्तीपैकी सुमारे ७५ टक्के फ्रँकफुर्टला मिळत होती. वाद तिथेच मिटला.

नायगाराचं नाव या संदर्भात नेहमी येतं, पण तिथली १८९५ ची जनित्रं दोन फेजची होती. १८९६ मध्ये बफेलो शहराला वीज पाठवायची वेळ आली तेव्हा ट्रान्सफॉर्मरची खास जोडणी करून दोनाच्या तीन फेज कराव्या लागल्या. तांबं वाचत होतं ना!

फ्रँकफुर्टनंतर अकराच वर्षांनी आपल्या देशात हे तंत्र आलं, ते म्हैसूर संस्थानात. कावेरीवरच्या शिवनसमुद्र धबधब्यापाशी १९०२ मध्ये वीजघर सुरू झालं आणि सुमारे १४७ किलोमीटरवर कोलारच्या सोन्याच्या खाणींना थ्री फेज वीज मिळू लागली. बंगळूर शहरातले दिवे त्यानंतर तीन वर्षांनी, १९०५ मध्ये लागले. आधी खाण, मग माणसं. हा क्रम पुढेही बऱ्याच ठिकाणी दिसतो.

मुंबईतही आधी गिरण्याच. गिरण्या कोळशावर, वाफेच्या इंजिनावर चालत. एकेका गिरणीत एकच अजस्र इंजिन, त्यावरून जाड दोरांनी मजल्या-मजल्यावरचे दांडे फिरायचे आणि दांड्यांवरून पट्ट्यांनी माग. सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाचं पाणी अडवून ते कोकणात सोडायचं आणि त्यावर वीज करायची, ही जमशेटजी टाटांची इच्छा त्यांच्या मृत्यूनंतर मुलांनी पुरी केली. १९१० मध्ये कंपनी स्थापन झाली. लोणावळा, वळवण आणि शिरवता इथे धरणं बांधली, सुमारे १७०० फूट खाली खोपोलीला वीजघर. ८ फेब्रुवारी १९१५ रोजी गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्ते उद्घाटन झालं. खोपोलीहून परळपर्यंत सुमारे ७० किलोमीटर, एक लाख व्होल्टची लाइन. त्या काळी हा फार मोठा आकडा होता. चोवीस वर्षांपूर्वी फ्रँकफुर्टला १५,००० व्होल्ट पाहून लोक थक्क झाले होते. खोपोलीच्या त्या वाढदिवशी मी नोकरीत असताना न चुकता मिठाई वाटायचो. सहकारी हसायचे.

याच्या पाठोपाठ १९२२ ला भिवपुरी आणि १९२७ ला भिरा. भिऱ्याचं नाव घेतलं की मुळशीचंही घ्यायला हवं. त्या वीजघराला लागणारं पाणी ज्या धरणात साठलं, त्याखाली मावळ्यांची भाताची खाचरं गेली. १९२१ मध्ये त्याविरुद्ध मुळशी सत्याग्रह झाला, सेनापती बापट तुरुंगात गेले, धरण झालंच. पुढे कोयना झाली, १९६२ पासून तिची वीज मिळू लागली, आणि तिथेही गावं पाण्याखाली गेली. विजेचं बिल हातात घेताना हे आठवावं असं मी कोणाला सांगत नाही. पण इतिहास लिहायचा तर तो फक्त ट्रान्सफॉर्मरचा लिहून कसं चालेल?

डोंबिवलीकरांनी लोकलबद्दल विचारलं नाही तर नवल. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर. कारण त्या काळी गाडी ओढायला डीसी मोटरच सोयीची होती. मुंबईतली ही डीसी एप्रिल २०१६ मध्ये कायमची संपली, आता सगळीकडे २५,००० व्होल्ट एसी. गंमत म्हणजे डोक्यावर तार एकच, म्हणजे सिंगल फेज, पण नव्या लोकलच्या पोटात इलेक्ट्रॉनिक यंत्रणा तिच्यापासून तीन फेज तयार करते आणि मोटर फिरते ती डोब्रोव्होल्स्कीच्या पिंजऱ्याचीच. गाडी सुटताना जो चढत जाणारा, गाण्याच्या सुरासारखा आवाज येतो, तो या यंत्रणेचा.

शहरात ‘थ्री फेज’ हा शब्द आपण लिफ्ट बंद पडली तरच उच्चारतो. माझ्या नगर जिल्ह्यातल्या गावी तो रोजच्या बोलण्यात आहे. तिथे ‘थ्री फेज किती वाजता?’ याचा अर्थ विहिरीवरची मोटर कधी चालणार. वीज कमी पडू लागल्यावर शेतीच्या लाइनला तिन्ही फेज दिवसातून ठरावीक तासच मिळू लागल्या, एका आठवड्यात दिवसा, तर दुसऱ्या आठवड्यात रात्री. उरलेल्या वेळी गावाला सिंगल फेज. दिवे, पंखे, टीव्ही चालतील, पण मोटर चालणार नाही, अशी ती व्यवस्था. शिलाई मशीनचं उदाहरण इथे आठवा. शेतकऱ्यांनीही कंडेन्सर लावून एका फेजवर मोटर चालवायच्या युक्त्या काढल्या, त्यात मोटरी जळाल्या आणि डीप्याही. मग गावठाणाची आणि शेतीची लाइन वेगळी करण्याचं काम निघालं. माझा चुलतभाऊ पासष्टाव्या वर्षी पौषाच्या थंडीत रात्री दोनला बॅटरी घेऊन उसाला पाणी द्यायला जायचा. पायाखाली साप, वर बिबट्याची भीती. २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली ती शेतीला दिवसा वीज देण्यासाठी. ज्या गावात ती पोचली, तिथे बायकांनी नवऱ्यांसाठी रात्रभर जागणं थांबलं, हे मी स्वतः ऐकलं आहे.

आता आपल्या इमारतीकडे. फेजचा क्रम म्हणजे काय हे आपल्या ए विंगने एकदा प्रत्यक्ष अनुभवलं आहे. रस्त्याच्या खोदकामानंतर केबल पुन्हा जोडली गेली आणि त्या दिवसापासून पंप चालतोय पण गच्चीवरची टाकी भरेना. प्लंबरने फूट व्हॉल्व्ह काढून पाहिला, पाइप तपासला, वॉचमनवर संशय घेऊन झाला. लिफ्टही हटून बसली होती, आणि तिथेच मला खूण पटली. लिफ्टच्या पॅनेलमध्ये फेज उलटल्या तर मोटर चालू न देणारा रिले असतो, पंपाला तो नव्हता. तीनपैकी दोन तारांची अदलाबदल झाली की फिरतं क्षेत्र उलटं फिरतं, मोटरही उलटी. पंप दोन दिवस उलटा फिरत होता. दोन टोकं बदलली, दहा मिनिटांत पाणी वर.

यापेक्षा गंभीर प्रकार बी विंगचा. मे महिन्यातली दुपार, सुट्टीचा दिवस. तळमजल्याला दिवे मंद झाले आणि त्याच वेळी चौथ्या मजल्यावर ट्यूब लख्ख पेटल्या. पाच मिनिटांत तीन टीव्ही, दोन फ्रिज, कितीतरी सेट-टॉप बॉक्स आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं नेब्युलायझर गेलं. काकूंना दम्याचा त्रास, त्या संध्याकाळी त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. मीटर रूम उघडली तर काळ्या तारेचा लग जळून सुटला होता. अ‍ॅल्युमिनियमची तार, जोड वर्षानुवर्षं तापून सैल झालेला.

तिघींची बेरीज शून्य येते असं वर म्हटलं, ते तिघींवर सारखा भार असेल तर. मोटरीवर असतो, इमारतीत कधीच नसतो. एका फेजवर एसी चालू, दुसरीवर फक्त पंखा. हा जो फरक उरतो तो परत न्यायला काळी तार. ती सुटली की प्रत्येक घराचे २३० व्होल्ट राहत नाहीत. लाल फेजवरचं घर आणि पिवळ्या फेजवरचं घर एकामागोमाग जोडल्यासारखे होतात आणि दोन फेजमधले ४०० व्होल्ट आपसात वाटून घेतात. वाटणी मात्र उलटी होते. ज्याच्याकडे भार कमी, त्याच्या वाट्याला दाब जास्त. म्हणून ज्या घरी फक्त एक टीव्ही चालू होता, तोच आधी गेला. फ्यूज, एमसीबी यांनी काही वाचवलं नाही, कारण ते प्रवाह पाहतात, दाब नाही. नुकसानभरपाई कोणी द्यायची यावर आपल्या दोन सभा झाल्या. कोणालाच काही मिळालं नाही.

आता मुख्य मुद्दा. संस्था स्थापन झाली तेव्हा एका घरात सहा ट्यूब, चार पंखे, एक फ्रिज आणि गीझर धरून वायरिंग झालं. न्यूट्रलला फेजच्या निम्म्या जाडीची तार पुरते असा तेव्हा रिवाज होता, आपल्याकडेही तशीच आहे. आज निम्म्याहून जास्त घरांत एसी आहेत. शिवाय एलईडी, संगणक, चार्जर ही उपकरणं वीज गुळगुळीत लाटेसारखी घेत नाहीत, लाटेच्या शेंड्यावर लचका तोडल्यासारखी घेतात. त्यातून मूळ लाटेच्या तिप्पट वेगाच्या लाटा तयार होतात, आणि तिथे १८८९ चं गणित उलटतं. तिघी एक तृतीयांश फेऱ्याने मागेपुढे असतात, पण तिप्पट वेगाची लाट तेवढ्या वेळात एक पूर्ण फेरा मारून मोकळी होते. म्हणून या तिन्ही लाटा नेमक्या एकाच वेळी वर आणि एकाच वेळी खाली जातात. एकमेकींना खोडण्याऐवजी त्यांची बेरीज होते, आणि ती सगळी त्या बिचाऱ्या बारीक काळ्या तारेतून परत जाते.

गेल्या मेमध्ये एका रात्री साडेदहाला मी बी विंगच्या केबलवर टाँग टेस्टर लावून पाहिला. लाल ६१ अँपिअर, पिवळी ३४, निळी २२. साध्या हिशेबाने काळीत ३५ च्या जवळपास यायला हवे होते. आले ४१. लग हाताला चटका बसेल इतका गरम.

सिंकिंग फंडात जी रक्कम आहे तीत बाहेरचं रंगकाम तरी होईल किंवा तिन्ही विंगच्या मुख्य केबली, पूर्ण जाडीचे न्यूट्रल आणि जास्त दाब आल्यावर पुरवठा तोडणारे रिले तरी बसतील. रौप्यमहोत्सवाच्या वर्षी इमारत रंगवलेली असावी ही इच्छा मी समजू शकतो, माझीही आहे. तरी माझं मत मीटर रूमच्या बाजूने आहे. दोन सभासदांनी विजेच्या गाड्या बुक केल्या आहेत, त्यांच्या चार्जरचे अर्ज समितीकडे आले आहेत. ते सध्याच्या केबलवर द्यायचे की नाही हेही त्याच सभेत ठरेल.

केबलीचा निर्णय काही का होईना, फेजची फेरवाटणी मात्र वाट न पाहता करता येईल. तिला खर्च जवळजवळ नाही. बी विंगमधली लाल फेजवरची कोणती घरं निळीवर घ्यायची, याची यादी मी सेक्रेटरींना दिली आहे. एका रविवारी सकाळी सात ते अकरा विंगची वीज बंद ठेवावी लागेल, लिफ्टही बंद राहील. ज्यांच्याकडे आजारी माणसं आहेत त्यांनी आधी कळवावं, म्हणजे त्यांची घरं पहिल्यांदा उरकता येतील.